अ‍ॅडव्हान्स आला म्हणजे बिल आलं नव्हे

आमचा छापखाना सांगलीत अप्पांनी एका ट्रेडलवर सुरू केला. पायाने चालवायचं मशीन, शिशाच्या खिळ्यांच्या म्हणजे अक्षरांच्या केसेस आणि ते खिळे जुळवून मजकूर तयार करणारा एक जुळारी. त्या जुळाऱ्यांना मी लहानपणापासून मामा म्हणायचो. पगारावरचा माणूस असं अप्पांनी त्यांना कधी मानलं नाही, पहिली दोन-तीन वर्षं तर दोघं मिळेल ते वाटून घ्यायचे. मामांचा हात असा की लग्नपत्रिकेचा पूर्ण मजकूर उलटा वाचत जुळवायचे आणि प्रुफात चूक निघाली तर ती गिऱ्हाइकाच्या कागदातलीच असायची. धंद्याचा एकच नियम त्यांनी मला शिकवला. दुकानात कोणी आगाऊ पैसे ठेवले की मी खूश व्हायचो, तेव्हा ते म्हणायचे, "पोरा, ह्यानं कागदाचे पैसे दिलेत. आपले अजून द्यायचेत."

पुढे प्लेटवरून छापणारं ऑफसेट आलं, ट्रेडल कोपऱ्यात गेलं, मग जुनं हायडेलबर्ग जीटीओ घेतलं, त्यानंतर दोन रंगांचं डॉमिनंट मशीन. मधली सगळी वर्षं नीट गेली. पत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, शाळांच्या प्रगतिपुस्तकांच्या ऑर्डरी, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते २०१९बद्दल, कारण धंद्यातली नवी मुलं मला अजून विचारतात, "काका, पन्नास टक्के अ‍ॅडव्हान्स घेतला की सेफ ना?" त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

आधी मार्केट यार्डातल्या शेठबद्दल सांगतो. हळदीची अडत. आमच्याकडे त्यांचं काम अप्पांच्या काळापासून. काटापट्टीची म्हणजे मालाच्या वजनाच्या पावत्यांची पुस्तकं, हिशेबपट्टी, पावतीबुकं, सगळं नंबरिंग करून. शेठनी आम्हाला आयुष्यात एक रुपया अ‍ॅडव्हान्स दिला नाही. कधी मागितलाही नाही आम्ही. पाडव्याच्या आधी ऑर्डर यायची, माल जायचा, आणि पुढच्या सौद्याचे पैसे आले की बिल चुकतं व्हायचं. कधी महिना लागायचा, कधी दोन. आजच्या हिशेबाने हे धोक्याचं गिऱ्हाईक. अ‍ॅडव्हान्स नाही, तारीख नाही, लेखी ऑर्डरसुद्धा नाही, जुन्या बुकाचं शेवटचं पान फाडून पाठवायचे आणि वर लिहायचे, 'असंच, पुढच्या नंबरपासून'.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात २००५च्या पुराची खूण होती. आम्हीही त्या खुणेच्या वर सगळा कागद चढवून ठेवला होता. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा मॅपलिथोची, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाची, रिमं फुगून रॅपर फाडून बाहेर आली होती. गुळगुळीत आर्ट पेपरची गत त्याहून वाईट. त्याचं कोटिंग ओलं झालं की शीटला शीट चिकटते, मग अख्ख्या रिमाची वीट होते, सोडवायला गेलं की तुकडे पडतात. डॉमिनंटची मोटर रिवाइंडिंगला गेली, पॅनेल नवं टाकावं लागलं, इंकिंगचे रबर रोलर फुगले, डॅम्पनिंगच्या रोलरची कापडं गाळाने भरली, ग्रिपर बारला गंज. कागद उचलणाऱ्या फीडरच्या सकरमध्ये बसलेला गाळ आमच्या मशीनमनने टाचणीने एकेक भोक उकरून काढला. आणि उधारीची वही गेली. कॉम्प्युटरमध्ये जे होतं ते वाचलं, पण चालू महिन्यांची कच्ची नोंद वहीत होती, तिचा लगदा झाला.

त्या आठवड्यात शेठ स्वतः चालत आले. त्यांचंही नुकसान कमी नव्हतं. आमच्या कट्ट्यावर बसून त्यांनी खिशातून मालाबरोबर दिलेलं आमचंच चलन काढलं. म्हणाले, "तुमच्याकडे नसेल आता. माझ्याकडे आहे. जूनमधल्या पट्टीबुकांचं राहिलंय." आणि पैसे मोजून दिले. मला त्या बिलाचा आकडा आठवतही नव्हता. त्यांनी दिलं नसतं तर मी मागू शकलो नसतो, माझ्याजवळ पुरावाच नव्हता. पुरात बुडालेल्या गावात, बुडालेल्या वहीतलं बिल, अ‍ॅडव्हान्स न देणाऱ्या माणसाने घरी येऊन चुकतं केलं. मशीनच्या मोटरचे पैसे मी त्यातून दिले.

मग आली विधानसभा. २१ ऑक्टोबरला मतदान. पुरानंतर हातात काम नव्हतं, दसरा-दिवाळीवर कामगारांचा बोनस होता, आणि शेजारच्या एका मतदारसंघातल्या उमेदवाराच्या कार्यालयातून माणसं आली. गावाचं नाव घेत नाही, पक्षाचंही नाही. पहिली ऑर्डर परिचयपत्रकाची, चार रंग, दोन्ही बाजू. मी पन्नास टक्के मागितले, त्यांनी जागेवर रोख ठेवले, वर चहापाण्याला म्हणून कामगारांना पाचशे रुपये दिले. असं गिऱ्हाईक कोणाला नको?

निवडणुकीचं काम कसं चालतं ते आपल्या धंद्यातल्यांना माहीत आहे, पण बाहेरच्यांसाठी लिहितो. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून प्रचार थांबेपर्यंत दोन आठवडेही मिळत नाहीत. मतदान संपायच्या ४८ तास आधी प्रचार बंद. त्यामुळे पहिली ऑर्डर पोहोचते न पोहोचते तोच रात्री साडेबाराला फोन. "साहेब, अजून वीस हजार. आणि तालुक्याचा वेगळा मजकूर, फोटो बदलून." मग नमुना मतपत्रिका. मग वचननामा. मग मतदारांच्या स्लिपा. पैशाचं विचारलं की, "अहो, अ‍ॅडव्हान्स दिलाय ना तुम्हाला! भाऊ पळून चाललेत का?" भाऊ म्हणजे उमेदवार.

घोळ नेमका इथे होतो. अ‍ॅडव्हान्स होता पहिल्या ऑर्डरचा. ती ऑर्डर साठ हजारांची, तीस हजार आले. शेवटी बिल गेलं साडेतीन लाखांच्या पुढे, आणि जमा तेच तीस हजार. सुरुवातीला पन्नास टक्के वाटणारा अ‍ॅडव्हान्स प्रत्येक नव्या ऑर्डरीबरोबर आपोआप घटत जातो, शेवटी दहा टक्केही उरत नाही, आणि आपल्या मनात मात्र तो 'पैसे देणारा माणूस' म्हणून पक्का बसलेला असतो. पहिल्या तीस हजारांनी त्यांनी कागद विकत घेतला नव्हता, माझा विश्वास विकत घेतला होता. मोठ्या रनच्या, म्हणजे खूप प्रतींच्या, कामात निम्म्याहून जास्त पैसा नुसत्या कागदाचाच असतो. पुराच्या पाठोपाठ पुण्याचा कागदवाला मला उधारीवर माल देत होता तो माझ्या इतक्या वर्षांच्या नावावर, त्यांच्या अ‍ॅडव्हान्सवर नाही.

१९ तारखेला संध्याकाळी प्रचार थांबला. २४ला निकाल. उमेदवार पडले. २७ला लक्ष्मीपूजन. आमच्या छपाईवर काम करणाऱ्यांचा बोनस मी घरातलं सोनं ठेवून दिला, हे मी अभिमानाने लिहितो. एकाही माणसाला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं नाही.

त्यांच्या कार्यालयाला कुलूप. ज्या मुलांनी ऑर्डरी दिल्या ते म्हणाले, "भाऊंना विचारून सांगतो." पुढे म्हणाले, "एवढ्या प्रती आल्याच नाहीत." यावर मी गप्प बसणार नव्हतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७अ. प्रचाराच्या प्रत्येक कागदावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, प्रकाशकाने सही केलेलं घोषणापत्र घ्यावं लागतं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी लागतात, आणि छापलेल्या प्रतीबरोबर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. किती प्रती छापल्या आणि किती पैसे आकारले तेही निवडणूक आयोगाच्या नमुन्यात भरून द्यावं लागतं. न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या धामधुमीतही आम्ही प्रत्येक कामाचा कागद वेळेत दिला होता. सगळ्या प्रती घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो. प्रतींची तक्रार तिथेच संपली. मग नवं उत्तर आलं. "निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, तो देऊन झाला. आता त्यात नवं बिल कुठून घालणार?" म्हणजे माझं बिल मिळालं असूनही त्यांनी ते हिशेबात घेतलं नाही, आणि हिशेबात नाही म्हणून द्यायचं नाही.

तरी बाकीतला एक हप्ता म्हणून त्यांनी मला चेक दिला. तो शिल्लक नाही म्हणून परत आला. आमच्या वकिलांनी चेक न वटल्याबद्दलची, कलम १३८ची नोटीस लावली. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. पंधराव्या दिवसाच्या आत त्या चेकचे पैसे आले. तेवढेच. कारण बाकीच्या रकमेचा चेक नव्हता. ह्या मधल्या काळात संपूर्ण बिलावरचा जीएसटी मी भरला होता. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात कर भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. बुडीत गेलेल्या बिलाचा कर परत मिळत नाही. सरकारला कर दिला, कागदवाल्याला कागदाचे दिले, प्लेटवाल्याला प्लेटचे, आणि ज्याने छापून घेतलं त्याने दिलं नाही.

मार्च २०२०ला टाळेबंदी लागली. एप्रिल-मेचा पत्रिकांचा सीझन गेला. डॉमिनंट विकायला काढायचं ठरलं होतं, गिऱ्हाईकही पाहून गेलं. हातातून गेलं नाही, कारण औषध दुकानांची बिलबुकं आणि हॉस्पिटलच्या केसपेपरचं काम चालू राहिलं, आणि शेठनी त्या वर्षी दोन वर्षांची पट्टीबुकं एकदम छापून घेतली. ह्यावर मी जास्त लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

आता नव्या मुलांना सांगायचं ते. अ‍ॅडव्हान्स घ्याच, न घेता प्लेट काढू नका. पण अ‍ॅडव्हान्समधून फक्त एवढंच कळतं की माणसाला काम हवं आहे. पुढचं बिल तो देईल की नाही ते ठरतं माल ताब्यात घेताना त्याला तो किती हवा आहे त्यावरून, आणि माणूस कसा आहे त्यावरून. लग्नाच्या पत्रिकेचे पैसे बुडत नाहीत, कारण मुहूर्त समोर असतो आणि गठ्ठे आपल्या टेबलावर. बिलबुकाचे सहसा बुडत नाहीत, कारण त्याला पुन्हा पुढच्या नंबरसाठी आपल्याकडेच यायचं असतं. निवडणुकीचा, कार्यक्रमाचा, उद्घाटनाचा माल तारीख उलटली की रद्दी, त्यामुळे तिथे अर्धा अ‍ॅडव्हान्स काही कामाचा नाही. तिथे पूर्ण पैसे, आणि प्रत्येक नवी ऑर्डर नवी धरून. जुना अ‍ॅडव्हान्स नव्या ऑर्डरीला लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, आकडा लिहून 'ओके' घ्या. चलनावर ड्रायव्हरची सही नको, माल घेणाऱ्याची सही नाव आणि मोबाइलसकट घ्या.

कायद्याने हातात काय आहे तेही माहीत असू द्या. आपण विकलेल्या मालाचे पैसे आले नाहीत तर माल ताब्यात असेपर्यंत तो अडवून ठेवायचा हक्क मालविक्री कायदा १९३० देतो. गिऱ्हाइकाने स्वतःचा कागद आणून दिला आणि आपण त्यावर छापलं, तर मजुरी मिळेपर्यंत तो रोखायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७०मध्ये आहे. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी माल द्यायच्या आधी करा, नंतर केलेली मागच्या बिलाला चालेलच असं नाही. ती असेल तर, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थकले की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, ते बिलावर छापूनच टाका. आम्ही टाकतो. आणि बाकी तीन वर्षांच्या आत कोर्टात नेली नाही किंवा समोरच्याची लेखी कबुली घेतली नाही, तर ती मुदतीबाहेर जाते.

गावात अलीकडे एका नव्या डिजिटल छपाईवाल्याने 'अ‍ॅडव्हान्स नको, काम झाल्यावर द्या' असा बोर्ड लावला. आमची काही कामं तिकडे गेली. त्यातली परत आली ती पूर्ण पैसे आधी देऊन आली. आम्ही दर कमी केला नाही.

त्या निवडणुकीच्या कामातली दोन लाखांवरची बाकी अजून आमच्या खात्यावर त्याच नावाने उभी आहे. २०२४च्या विधानसभेच्या वेळी ऑक्टोबरमध्ये त्याच कार्यालयातून फोन आला. माणूस नवा होता, बोलायला नम्र. म्हणाला, "साहेब, ह्या वेळी शंभर टक्के अ‍ॅडव्हान्स. तासाभरात पैसे पाठवतो, मशीन मोकळं ठेवा." मशीन खरंच मोकळं होतं. मी म्हटलं, आधी २०१९ची बाकी, मग नवीन काम. तो म्हणाला ते जुनं त्याला माहीत नाही, नवीन कामाचे पूर्ण देतोय की. मी त्याला जुन्या बिलाचा नंबर आणि तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यावर दोन निळ्या टिका आल्या, पैसे आले नाहीत, आणि ते काम आम्ही केलं नाही.