आई, मामा आणि शिराजची बाग

मामाकडचा माल निघायला लागला. दिंडोरीहून आज द्राक्षांचं क्रेट आलं आणि आईने नेहमीसारखा पहिला घड देवापुढे ठेवला. थॉमसन या खायच्या जातीचा घड, लांबट मणी, त्यांवर अजून पांढुरकी झाक. मामाच्या शेताच्या दुसऱ्या अंगाला शिराज आहे, वाइनच्या द्राक्षांची जात. ते मणी बारीक, काळे, जाड सालीचे. त्यांना विरळणी आणि मणी फुगवायला घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात बुडवायचा खटाटोप नाही, भावही करारात आधीच ठरलेला. तो सगळा माल वायनरीला जातो. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.

दारूचा तिला मनापासून तिटकारा. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाणारी बाई ती. आणि मामावर तिचा जीव. आजोबा गेले तेव्हा त्याने कॉलेज सोडलं, बाग सांभाळली, तिचं लग्न लावून दिलं.

एम.ए.ला फ्रिट्झ हायडर हा मानसशास्त्रज्ञ शिकलो होतो. १९४६ साली त्याने मांडलेलं साधं गणित: मी, दुसरा माणूस आणि एखादी वस्तू, असा त्रिकोण. प्रत्येक बाजूला अधिक किंवा उणे. तिन्ही चिन्हांचा गुणाकार अधिक आला तर मन निवांत, उणे आला तर टोचणी. आईचं मामाशी अधिक, वाइनशी उणे, मामाचं वाइनशी अधिक. गुणाकार उणे. हायडर म्हणतो, हा ताण माणसाला नकोसा होतो, म्हणून तो कुठलं तरी एक चिन्ह बदलायला बघतो. ‘वाइन म्हणजे काय, फळाचा रसच की’ असं म्हणतो, नाहीतर ‘भाऊ पैशाच्या मागे लागलाय’ असं.

२०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा सरकारी निर्णय आला, तेव्हा आमच्या नात्यागोत्यात हेच झालं. ज्यांना मामा आवडत होता त्यांना वाइन चालायला लागली. ज्यांना वाइन नको होती त्यांना मामाच्या जुन्या खोड्या आठवायला लागल्या. लग्नकार्यात दोन पंगती वेगळ्या बसायच्या. कार्टराइट हा मानसशास्त्रज्ञ आणि हॅररी हा गणिती, या दोघांनी १९५६ मध्ये हायडरचं गणित गटांना लावून दाखवलं होतं: एकमेकांचा द्वेष करणारे दोन तट पडले, की गणिताच्या हिशेबाने तो गट पूर्ण संतुलित. वाचलं तेव्हा नुसतं उत्तरांसाठी पाठ केलं होतं. घरात बघितल्यावर अंगावर काटा आला. कुणालाच टोचणी उरली नव्हती, म्हणून कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

आईने कुठलंच चिन्ह बदललं नाही. तिच्या भजनी मंडळातले एक गृहस्थ एकादशीला सगळ्यांसमोर मामाबद्दल वेडंवाकडं बोलले. ते तिला आधीपासूनच आवडत नाहीत. नावडत्या माणसाशी आपलं मत जुळावं, हेही हायडरच्या हिशेबात उणेच. तिथे पटकन मत तरी बदलावं, नाहीतर माणूस तरी जवळचा वाटावा. ती घरी येऊन म्हणाली, “दारूबद्दल त्यांचं बरोबर आहे. माझ्या भावाबद्दल बोलायचं त्यांना काम नाही.”

हायडरने आणखी एक वाट सांगितली आहे. माणसाचे किंवा गोष्टीचे दोन भाग करायचे आणि एक भाग मान्य करायचा. तिला बरं वाटावं म्हणून मी ती वाट सुचवून बघितली. म्हटलं, मामा वेल लावतो, पुढचं कारखान्याचं. तिने माझ्याकडे बघितलं. “त्याला माहीत नाही का माल कुठे जातो?”

मला तिचा फार अभिमान वाटतो. त्या टोचणीने तिची झोप उडालेली मी पाहिली आहे. तरी त्यापायी तिने मामाला दूर केलं नाही आणि स्वतःलाही फसवलं नाही. मामालाही हे कळतं. तो शिराजचा एक मणीसुद्धा या घरात आणत नाही, आणि भाऊबीज एकदाही चुकवत नाही.

रात्री त्याचा फोन आला. वायनरीचा करार यंदा संपतोय, पुन्हा करायचा की वेल काढून टाकायची, तू सांगशील तसं करतो, म्हणाला. आईने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. “सोसायटीचं कर्ज फिटलंय का ते आधी बघ, दादा. हिशेब करून तुझं तू ठरव. मी हो म्हणायची नाही. आणि रविवारी जेवायला ये, वहिनीला घेऊन.”