रिटायर झाल्यावरची पहिली वारी

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईला आषाढीची पायी वारी करणं जवळजवळ अशक्यच, कारण शाळा उघडायची वेळ आणि पालख्या निघायची वेळ एकच. 2025 चंच बघा, शाळा उघडली 16 जूनला आणि माऊलींचं प्रस्थान 19 जूनला. पहिलीचे प्रवेश, पुस्तकं वाटायची, गणवेशाची मापं, दारात आईचा पदर धरून रडणारी पोरं, हे सगळं त्याच आठवड्यात, आणि शाळा दोनशिक्षकी असली की एकानं रजा टाकली म्हणजे दुसऱ्यानं चारही वर्ग बघायचे. मग आमची वारी म्हणजे बालदिंडी. पुठ्ठ्याची पालखी, पहिलीतला एखादा गुटगुटीत पोरगा विठोबा करायचा, त्याला मारुतीच्या देवळापर्यंत कमरेवर हात ठेवायला लावायचं, आणि तो मधेच नाक पुसायला हात काढतो.

घरात वारी होती पण ती सासूबाईंची. त्या माळकरी, दरसाल माण तालुक्यातनं आळंदी गाठायच्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, आणि मागं म्हशी, पोरं, सासऱ्यांचं पथ्य आणि शाळा माझ्याकडं. थोरला तान्हा असताना वर्गातच साडीची झोळी बांधून बाराखडी घेतलीय. राग यायचा, खोटं कशाला बोलू, विठोबाचा नाही, सासूबाईंचा. पण एकादशी कधी सोडली नाही आणि चुलीपुढं बसून त्यांचं ऐकून ऐकूनच माझा हरिपाठ पाठ झाला, पुस्तक कधी हातात घ्यावं लागलं नाही.

मेअखेर रिटायर झाले आणि जूनमध्ये सासूबाईंच्याच दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाणाची वर्गणी, भरली. त्या आता नाहीत, पण दिंडीतल्या जुन्या बाया मला "शाळावाली सून" म्हणून नावानिशी ओळखत होत्या, म्हणजे म्हातारी माझ्याबद्दल वाटेनं बोलायची तर! घरी मात्र कधी शब्दानं कौतुक केलं नाही.

चालण्याचं म्हणाल तर पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात मोठा, तीस किलोमीटरच्या आसपास आणि त्यात दिवेघाट. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि खाली बघितलं की माणसंच माणसं. मी घाट चढले खरी पण सासवडला पायाला असे फोड आले की काय सांगू. शेजारच्या माऊलींनी सुईत दोरा ओवून फोडातनं आरपार काढला, दोरा तसाच आत ठेवला म्हणजे पाणी निथळतं, वर खोबरेल. डॉक्टर लोकांना हे पटणार नाही पण तिसऱ्या दिवशी मी चालत होते.

बायांचे हाल वेगळे असतात, ते टीव्हीवर दाखवत नाहीत. पहाटे तीनच्या आत टँकरजवळ अंधारात आंघोळ उरकायची, ओलं लुगडं ट्रकच्या दोरीवर टाकायचं, वाळलं तर वाळलं. फिरती शौचालयं आता असतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं, तरी रांगेत उभं राहून दिंडी पुढं निघून जाईल ही धाकधूक असतेच.

मला चालण्यापेक्षा जड गेलं ते बसणं. पहिल्या मुक्कामाला मी आपोआप पोळपाटाजवळ जाऊन बसले, तर दिंडीतली एक म्हातारी म्हणाली, "माऊली उठा, आचारी हायती, तुम्ही हरिपाठाला चला." पंगतीला बसले, वाढपी समोर आला आणि मला कळेचना की हात कुठं ठेवू, इतक्या वर्षांत सगळ्यांच्या आधी आणि गरम मी जेवलेच नव्हते. त्यात घरनं फोन, तिखटाचा मोठा डबा कुठाय, म्हैस धार देईना, सिलिंडर कुणाला सांगायचा. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळत होते, आजूबाजूला सगळं पिवळं झालेलं, आणि मी एका कानात बोट घालून डब्याचा पत्ता सांगतेय! लोणंदपासून फोन बंद ठेवला, दिवसातनं एकदा चालू करायचे. डबा त्यांना सापडला.

संध्याकाळची समाजआरती मात्र बघण्यासारखी. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळमृदंग चालू, आणि चोपदारांनी चोप उंचावला की एकदम चिडीचूप. मी आयुष्यभर तीस पोरांसाठी टेबलावर डस्टर आपटलं आणि इथं एका काठीवर एवढा समाज गप्प. मग हरवलं-सापडलं पुकारतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, चोपदार जाऊन विचारतात, ऐकून घेतात, मगच पुढचं. आमच्या केंद्रातल्या मीटिंगा अशा झाल्या असत्या तर!

फलटणला बंदोबस्तावरचा एक पोलीस धावत आला, "बाई, तुम्ही?" माझ्या चौथीतला. वर्दीत वाकून पाया पडला. वारीत समोरचा पाया पडला की आपणपण पडायचं, म्हणून मी वाकले तर तो एवढा ओशाळला, "बाई नको, तुम्ही मला कोंबडा केला होता." म्हटलं म्हणूनच पडते रे.

पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायची ताकद नव्हती, रांग कुठल्या कुठं गेलेली. नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय बुडवले, झालं. सासूबाईपण एवढंच करायच्या म्हणे, ते मला दिंडीतल्या बायांनी सांगितलं. द्वादशीला पारणं सोडून एसटीनं घरी.

घरी आले तर सून वाळली होती. ती अंगणवाडीत, तिलापण जूनमध्ये माझ्यासारखंच, आणि मागं सगळं तिच्यावर पडलेलं. काही बोलली नाही, पण भांडी जरा जोरात ठेवत होती. मला तो आवाज बरोबर कळला, माझाच होता तो. पुढच्या वर्षी रजा मिळाली तर फलटणपासून पुढं ती चालणार, मी घरी. मिस्टरांना म्हटलं तुम्ही पण जावा की तिच्यासोबत, तर म्हणाले म्हशींची धार कोण काढणार. एवढी वर्षं कोण काढत होतं ते मी त्यांना अजून विचारलं नाही.