व्हायलवर केबी, आत हेला

आमच्या यवतमाळकडे खर्रा घोटणं पोरं मिसरूड फुटायच्या आधीच शिकतात. त्यामुळे पीएचडीला तोंडाचा कर्करोग घ्यायचा, हे जवळपास ठरलेलंच होतं. एका रानवनस्पतीचा अर्क पेशींवर तपासायचा होता. पेशी दुसऱ्या प्रयोगशाळेतून ओळखीवर मिळाल्या. व्हायलवर, म्हणजे पेशींच्या छोट्या कुपीवर, मार्करनं लिहिलेलं, 'केबी'.

जुन्या पेपरांत केबीची माहिती ठरलेली असते: ५४ वर्षांच्या पुरुषाच्या तोंडातल्या गाठीतून काढलेली लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश. काम सुरू करण्याआधी सेलोसॉरस या पेशी-लाइन्सच्या ऑनलाइन नोंदवहीत नाव टाकलं, तर समोर शेरा: दूषित लाइन, प्रत्यक्षात हेला. हेला म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी. त्या इतक्या जोमानं वाढतात, की चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये शिरल्या तर मूळच्या पेशी मागे पडून संपतात. जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६० च्या दशकातच एन्झाइमच्या खुणेवरून हे उघड केलं होतं. तरी केबीला 'तोंडाचा कर्करोग' म्हणणारे पेपर अजून निघतात. पेपर छापण्याआधी तपासणारे नेमकं काय वाचतात, देव जाणे.

सर म्हणाले, "इंटरनेटवरचं राहू दे, आपली व्हायल तपास." म्हणजे एसटीआर प्रोफायलिंग: डीएनएतल्या ठरावीक जागी छोटे तुकडे किती वेळा येतात, त्यावरून पेशींची ओळख पटवायची. विभागात त्यासाठी खर्चाचं हेडच नव्हतं. शेवटी फी केमिकल्सच्या पैशांतून काढली. सगळ्यात धास्ती होती ती पार्सलची. इथून ड्राय आइसमध्ये काही पाठवायचं म्हणजे दिव्यच. पण एफटीए कार्डानं, म्हणजे डीएनए टिकवून ठेवणाऱ्या खास कागदानं, ते काम सोपं केलं. पेशींचा थेंब कार्डावरच्या गुलाबी वर्तुळात सोडला, की तेवढी जागा पांढरी पडते. वाळू द्यायचं, पाकिटात घालायचं, साध्या कुरिअरनं पाठवायचं. बर्फ नको, काही नको.

रिपोर्टमध्ये मी आधी अमेलोजेनिन पाहिलं, म्हणजे पेशी बाईच्या की पुरुषाच्या ते सांगणारी खूण. पुरुषाच्या असतील तर एक्स आणि वाय दोन्ही हवेत; इथे फक्त एक्स. आता वाय गुणसूत्र कधीकधी पेशी वाढवता वाढवता हरवतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावता येत नाही. पण टीएच०१ या जागेला नुसता ७, आणि डी१३एस३१७ या जागेला १२ व १३.३. हा १३.३ हेलाची ओळख पटवणारा. नोंदलेल्या प्रोफाइलशी जुळणी ८० टक्क्यांच्या वर गेली, की लाइन तीच किंवा तिच्यातूनच निघालेली धरतात; आमची तर हेलाशी पूर्णच जुळली.

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "म्हंजे बियानं बोगस निंगालं म्हन नं. पावती हाय का?"

पावती कुठली! ओळखीवर आणलेल्या व्हायलला ना बिल, ना लॉट नंबर. तक्रार करायची कोणाकडे?

यावेळी जिभेच्या कर्करोगाची कॅल-२७ मागवली, रीतसर बिलानं, एसटीआर प्रोफाइलसकट. आल्या आल्या तिचंही कार्ड करून पाठवलं. जुन्या व्हायल्स मी टाकून देणार होते, सरांनी अडवलं. त्यांवरचं 'केबी' खोडून 'हेला' लिहायला लावलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करते, तिला चालणार होत्या.