विरजणाची वाटी

परवा इथं मेलबर्नला केस कापायला गेले आणि भडकून घरी आले. दंडावर काळानिळा डाग होता, कपाटाचं दार लागलेलं. केस कापणारी विशीतली पोरगी आरशातून बघत हळूच म्हणाली, "घरी सुरक्षित वाटतं ना?" मी नवऱ्याचं गुणगानच सुरू केलं. तो भाजी चिरतो, मुलांचे डबे भरतो... जेवढं बोलत गेले तेवढा माझा मलाच संशय यायला लागला! तिनं गप ऐकून घेतलं.

मग कळलं की हा भोचकपणा नव्हता. आमच्या या व्हिक्टोरिया राज्यात कौटुंबिक हिंसाचारावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, 2016 मध्ये त्यानं 227 शिफारशी केल्या. इथं काही केशकर्तनवाल्यांनासुद्धा शिकवतात: कसं ओळखायचं, कसं विचारायचं, मदत कुठं मिळते ते कसं सांगायचं. भांडण सोडवायला मात्र जायचं नाही.

227! आमच्या बेळगावच्या शहापुरात एका वाटीवर भागायचं.

समोरच्या घरात आवाज चढला की आमची काकू वाटी घेऊन निघायची. "वैनी, विरजण हाय काय गे?" घरात दह्याचं भांडं काठोकाठ. तिथं उंबऱ्यावरच बसायची, मग दूधवाला, गॅस, कुणाच्या लेकीची सोयरीक. तोवर त्या माणसाचा हात खाली आलेला. एकदा एकाच संध्याकाळी दोनदा गेली. दुसऱ्या खेपेला साखर मागितली. 2008 साली टीव्हीवर 'बेल बजाओ' आलं, शेजारी मारहाण ऐकू आली की दाराची बेल वाजवा म्हणून, तेव्हा काकूची आयडिया ढापली असंच आम्हाला वाटलं.

पण त्या वैनीला काकूनं कधी काही विचारलं नाही. आवाज थांबला की वाटी घेऊन परत. भारतातल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, प्रामाणिकपणे कळवलं तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. हे मला मेलबर्नला येऊन समजलं.

आणि बेळगावजवळचं वंटमुरी गाव? डिसेंबर 2023. मुलगा मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, तेही बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती वराळे, जन्म आपल्या निपाणीचा. नुसत्या बघत राहिलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. ऑफिसात इथल्याच एकीनं हा विषय काढला तेव्हा मी फटकन म्हणाले, "तुमच्याकडे सगळं आलबेल होतं म्हणून कमिशन बसलं काय?" रात्री झोप लागली नाही, ते वेगळं.

काल आईला फोन केला. काकू गेली, आता वाटी कोण नेतं?

"विरजण कोण मागतंय गे आता? अपार्टमेंट झालंय, दही पाकिटातलं. वरच्या मजल्यावर रोज आवाज असतोय. आम्ही टीव्ही मोठा करतोय."

"मग तू जा की वाटी घेऊन."

"फ्रिज हाय की तुमच्याकडं, म्हणतील."