अहवालाचं पहिलं वाक्य

माझ्याकडे सहीसाठी येणारे बहुतेक तपासणी अहवाल एकाच चालीवर सुरू होतात. ‘सदर अहवालात पंपाच्या बेअरिंगची तपासणी करण्यात आली आहे.’ मग उपकरणांची यादी, मग पद्धत, मग चार पानं तक्ते. बाहेरच्या रिंगला तडा गेलाय, हे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. पंप चालू ठेवायचा की थांबवायचा, हे ज्याला आज संध्याकाळच्या आत ठरवायचंय, तो तिथपर्यंत पोचत नाही.

यात आळस नसतो. उलट पोरं मनापासून लिहितात. प्रयोगवहीने लावलेलं वळण आहे ते: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने ते कागदावर उतरतं. वाचणाऱ्याला मात्र अनुमान आधी हवं असतं, आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवण्यापुरतं बाकीचं.

हा विषय निघाला की मी कोलंबिया यानाचं उदाहरण देते. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता: चाचण्यांच्या माहितीवरून अंदाज सुरक्षित बाजूचा वाटतो, अशा अर्थाचा. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, खरी गोष्ट होती. चाचण्या झाल्या होत्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर. यानावर आदळलेला तुकडा साधारण १,९२० घनइंचाचा होता. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडची वेगळी दखल घेतली. यानाला धोका नाही, हा अधिकाऱ्यांचा निर्णय एका स्लाइडमुळे झाला असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ होती. पण ‘आमच्या चाचण्या या आकाराला लागू होत नाहीत’ हे वाक्य मथळ्यात असतं, तर बैठकीत त्यावर प्रश्न आलेच असते, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून नवीन सहकारी अहवाल घेऊन आला की मी कागद बाजूला ठेवायला सांगते. ‘आधी मला सांग, काय झालंय?’ तो लगेच म्हणतो, ‘मॅडम, बाहेरच्या रिंगला तडा आहे. कंपन महिन्याभरात सेकंदाला ४ मिलिमीटरवरून ११ वर गेलंय. या आठवड्यात बेअरिंग बदलायला हवं.’ झालं की! हीच तीन वाक्यं सगळ्यात वर लिहायची. तोंडाने इतकं स्वच्छ सांगणारी माणसं कागदावर ‘कंपनांमध्ये लक्षणीय वाढ निदर्शनास आली’ असं का लिहितात? कारण तसं लिहिलं म्हणजे अहवाल भारदस्त वाटतो, असा समज आहे. ‘लक्षणीय’ म्हणजे किती, ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचं. आकडा असेल तर तो द्यावा, आणि शेजारी मर्यादाही द्यावी, म्हणजे ११ हे जास्त आहे की नाही ते कळेल.

एककाशिवायचा तक्ता मी वाचतच नाही, परत पाठवते. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं मंगळावर पाठवलेलं यान हरवलं ते यातूनच. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा.

कार्यपद्धती लिहिण्याची गोष्ट थोडी निराळी. तिथे वाचणाऱ्याच्या हातात पाना असतो. विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी सोप्या इंग्रजीचं एक मानक आहे, त्यात सूचनेच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. आमच्याकडे मी शब्द मोजायला लावत नाही, पण एका वाक्यात एकच कृती, एवढं पाळायला लावते. आणि इशारा कृतीच्या आधी. ‘झडप उघडा. उघडण्यापूर्वी दाब शून्य असल्याची खात्री करा’ असा क्रम मी छापील पुस्तिकेत पाहिला आहे. दुसरं वाक्य वाचेपर्यंत झडप उघडलेली असते! मसुदा झाला की ते काम कधीच न केलेल्या माणसाच्या हाती द्यायचा आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प उभं राहायचं. तो जिथे अडखळेल तिथे खूण करायची. त्याला समजावून सांगायचं नाही, वाक्य बदलायचं.

तपासणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. पुष्कळ वरिष्ठ मसुदा स्वतःच दुरुस्त करून टाकतात, वेळ वाचतो म्हणून. लिहिणाऱ्याला काय बदललं आणि का, हे कळतच नाही, आणि पुढचा अहवाल तसाच येतो. मी समासात प्रश्न लिहिते: ‘हे मोजमाप कुणी घेतलं? यंत्र चालू असताना की बंद असताना?’ उत्तर शोधताना वाक्य त्याचं तोच नीट करतो. अलीकडे मी पूर्ण अहवालाची वाट पाहणंही सोडलं आहे. तक्ते भरायला घेण्याआधी निष्कर्षाची तीन वाक्यं आणि मथळे एवढंच मागते. काही फिरवायचं असेल तर तेव्हा दहा मिनिटांत फिरतं.