चांदोबाचा च

‘चंद्र’ आणि ‘चांदोबा’. कागदावर दोन्हीकडे तोच च. चंद्राचा च मात्र ‘चहा’सारखा टाळूला लागून निघतो आणि चांदोबाचा ‘चमच्या’सारखा दातांमागून. देवनागरीत याची खूण नाही. सारं जग आणि पाण्याचा जग लिहायला एकच. हा फरक मुलाच्या कानावरच पडायला हवा. बोलण्यात फारसे न येणारे ‘निबिड’सारखे शब्दही मोठ्यानं वाचल्यावरच घरात शिरतात.

नाशिकची डिसेंबरची थंडी मुलांना असं मोठ्यानं वाचून दाखवायला फार सोयीची. खिडक्या बंद, पंखा बंद, गोधडी पायांवर. मे महिन्यात पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून वाचलं की दहा मिनिटांत घसा बसतो. मूल समोर नको, शेजारी हवं. पुस्तक दोघांच्या मांडीवर, उजेड खांद्यामागून. समोरून आला तर गुळगुळीत पान चकाकतं आणि चित्र दिसत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतो तो वेग. आपण बातम्या दिल्यासारखे पळतो. स्वल्पविरामाला मनात एक मोजावं, पूर्णविरामाला दोन. पान उलटायची घाई नको. आपलं वाक्य संपलेलं असतं, मूल अजून चित्रातली मुंगी शोधत असतं.

आवाज फार काढू नयेत. कोल्ह्याला किनरा आवाज दिला की पाच पानांनंतर तो आपल्यालाच आठवत नाही आणि लगेच तक्रार येते, ‘हा कोल्हा नाहीये!’ त्यापेक्षा कासव सावकाश बोलतं, माकड घाईत, एवढं पुरे.

खरी पंचाईत ‘केले’ की ‘केलं’ ही. लहान मुलाला खुशाल ‘केलं’ वाचावं. पण त्याचं बोट अक्षरांखालून सरकू लागलं की छापलंय तेच वाचावं, नाहीतर कान एक सांगतो आणि डोळा दुसरंच. ‘निबिड’ आला तर थांबून शिकवणी नको. ‘निबिड, दाट अरण्यात’ असं जाता जाता म्हणावं. तात्पर्य तर विचारूच नये.

मुलं तीच गोष्ट चौथ्यांदा मागतात, ओळ गाळली तर पकडतात. १८४० सालच्या आपल्या ‘सावाना’तून, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिकमधून, आणलेलं पुस्तक परत करायच्या दिवशी हमखास पुन्हा हवं असतं.

जरा मोठ्या मुलांसाठी ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ती १९३३ साली इथल्याच तुरुंगात लिहायला घेतली, आणि तिची प्रकरणं म्हणजे रात्रीच आहेत, बेचाळीस. रोज एक, हिशेब सरळ. फक्त दुपारी एकट्यानं ते प्रकरण डोळ्यांखालून घालावं. आवाज कुठे अडणार ते आधी कळतं, आणि त्या रात्री पाण्याचा जग हाताशी ठेवता येतो.