तुम्ही विचारलंत म्हणून: मॅक्लेलन भित्रा होता का?

अमेरिकेच्या यादवी युद्धावर बोलणं निघालं की हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तरेचा सरसेनापती जॉर्ज मॅक्लेलन घाबरट होता का? मला तसं वाटत नाही. मेक्सिकोच्या युद्धात त्याने तोफा-बंदुकांचा मारा जवळून सोसला होता. त्याचं दुखणं निराळं होतं. त्याच्या सरकारी तारा आणि बायकोला लिहिलेली पत्रं शेजारी ठेवून वाचली की ते दिसतं.

जुलै १८६१मध्ये बुल रनच्या लढाईत दक्षिणेने उत्तरेची दाणादाण उडवली आणि ३४ वर्षांच्या या माणसाला वॉशिंग्टनला बोलावलं गेलं. विस्कटलेली फौज त्याने उभी केली. कवायत, शिस्त, रसद सगळं बसवलं. त्याबद्दल त्याला मानायलाच हवं. पण सूत्रं हाती घेतली त्याच दिवशी तो बायकोला, एलनला लिहितो की, कसल्याशा जादूने मीच आता या देशातली सत्ता झालोय! आणि ८ ऑगस्टला आपल्या वरिष्ठाला, म्हाताऱ्या जनरल स्कॉटला कळवतो: समोर शत्रू किमान एक लाख. खरा आकडा याच्या निम्माही नव्हता.

एप्रिल १८६२मध्ये यॉर्कटाउनलाही तेच. समोर दक्षिणेच्या जनरल मॅग्रूडरकडे जेमतेम १३ हजार माणसं. तीच तीच माणसं तो पुन्हा पुन्हा फिरवून दाखवत होता. मॅक्लेलनने वेढ्याच्या तोफा मागवल्या आणि महिना घालवला. राष्ट्राध्यक्ष लिंकनने पत्रातून बजावलं की तुम्ही काहीतरी केलंच पाहिजे. त्याआधी फेब्रुवारीत पश्चिमेकडे उत्तरेच्याच जनरल ग्रँटने दक्षिणेच्या ताब्यातल्या डोनेल्सनच्या किल्ल्याला दोन-तीन ओळींत कळवलं होतं: बिनशर्त शरण या, नाहीतर लगेच हल्ला करतो. ग्रँटला काम उरकायचं होतं. मॅक्लेलन पुढच्या चौकशीसाठी कागद तयार करत होता.

त्यातला सगळ्यात बोलका कागद २८ जूनचा. आदल्या दिवशी गेन्स मिलच्या लढाईत मार खाल्लेला. मध्यरात्रीनंतर त्याने युद्धमंत्री स्टँटनला तार केली: फौज कमी पडली म्हणून लढाई हरलो, जबाबदार मी नाही. शेवटी आणखी दोन वाक्यं: ही फौज मी वाचवलीच तर त्याचे आभार तुमचे किंवा वॉशिंग्टनमधल्या कुणाचेच नाहीत, तिचा बळी द्यायला तुम्ही काहीच बाकी ठेवलं नाहीत. वॉशिंग्टनच्या तार कचेरीतल्या अधिकाऱ्याला हे वाचून धक्काच बसला. त्याने ती दोन वाक्यं गाळली आणि उरलेली तार मंत्र्यांकडे पाठवली. सेनापतीच्या तारेला परस्पर कात्री!

त्यामुळे लिंकनचं उत्तर शांत आलं: काही झालं तरी फौज वाचवा, कुमक पाठवतो. एवढं बोलूनही आपल्याला कुणी हात लावत नाही, असं मॅक्लेलनला वाटलं असेल तर नवल नाही. तार जशीच्या तशी पोचती तर तो जूनमध्येच घरी गेला असता, असं माझं मत. मग सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेच्या जनरल लीला अडवायला कुणीतरी दुसराच उभा असता. प्रत्यक्षात त्याला नोव्हेंबरात काढलं.